गिझर चालू, लाईट लागतो, पण पाणी तापायला दुप्पट वेळ : माझा अनुभव

१५ लिटरचा गिझर, लेबलवर २३० व्होल्ट, २००० वॅट, तरी पाणी गरम व्हायला पाऊण तास लागायचा. क्षार काढले, थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. डोकं पार फिरलं होतं.

शेवटी गणित केलं. लेबलप्रमाणे करंट म्हणजे २००० भागिले २३०, साधारण ८.७ अँपिअर, आणि रेझिस्टन्स २३० भागिले ८.७, म्हणजे २६.४ ओहम यायला हवा.

मग क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) फक्त फेजच्या वायरभोवती लावला (फेज न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्या तर शून्य दाखवतं, हे लक्षात ठेवा), गिझर चालू असतानाच व्होल्टेज बघितलं. २२८ व्होल्ट, ४.३ अँपिअर. गुणाकार ९८० वॅट, भागाकार ५३ ओहम. बरोब्बर दुप्पट रेझिस्टन्स, म्हणजे आत १००० वॅटचा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल)! आधीच्या रिपेअरिंगला मेकॅनिकने तोच बसवलेला.

आता क्रम असा: एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, टाकी रिकामी, वायरी सोडवून जुना एलिमेंट काढला, नवीन २००० वॅटचा दुकानातच मल्टीमीटरने मोजून घेतलेला, २६ ओहमच्या आसपास, पिन आणि बॉडीमध्ये कंटिन्युइटी (विजेची जोडणी) अजिबात नको. नवीन गॅस्केट लावून बसवला, अर्थिंग घट्ट केलं, टाकी पूर्ण भरून नळाला पाणी आल्यावरच एमसीबी चालू केला, रिकाम्या टाकीत एलिमेंट लगेच जळतो.

आता २२५ व्होल्टला ८.५ अँपिअर, म्हणजे १९१२ वॅट. पाणी पंचवीसेक मिनिटांत कडक.