घरगुती नाटकातलं स्वप्न आणि प्रतीक: या चुका टाळा

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते सांगलीतच. त्यामुळे इथं एकांकिका लिहिणाऱ्या पोरांची कमी नाही. वही हातात ठेवायच्या आधीच विचारतात, “सर, प्रतीक कसं वाटतंय?” घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, याचा पत्ता नसतो. आधी घर लिहा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रतीक नुसतं मांडून ठेवणं. ती मीही केलीय. माझ्या एका नाटकात वडिलांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, होती. त्यांचं गाणं राहून गेलेलं. पेटी मी कोपऱ्यात चौरंगावर ठेवली आणि प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी तिच्यावर निळा स्पॉट सोडला. प्रयोगानंतर हरिपूरच्या एक आजी आत आल्या. म्हणाल्या, “घरात एवढी माणसं, पण पेटीवरनं कुणी फडका नाही मारला?”

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आजींचं खरं होतं. लहान घरात जागा अडवणारी वस्तू कुणी मोकळी सोडत नाही. पुढच्या तालमीपासून आईनं पेटीवर ज्वारीची पिशवी ठेवली, धाकट्यानं दप्तर टाकलं. शेवटी मुलगी एकेक सामान उतरवते आणि भाता ओढते. भात्याला भेग, नुसती हवा जाते. आतून वडील म्हणतात, “काळी दोन दाबून बघ, ती वाजते.” स्पॉट काढून टाकला, त्याची गरजच उरली नाही.

तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर लिहितो: कुठल्या प्रवेशात वस्तूला कुणाचा हात लागला. सलग दोन प्रवेश कोरे गेले की वस्तू नेपथ्यातून बाहेर.

दुसरी चूक, स्वप्नाला आकडा नसणं. “मला खूप मोठं व्हायचंय” यावर नाटक उभं राहत नाही. पैसे किती, कधीपर्यंत, आणि तेच पैसे घरात आणखी कुणाला हवेत? लॉरेन हॅन्सबेरी या अमेरिकन लेखिकेच्या ‘अ रेझिन इन द सन’ नाटकामध्ये (१९५९) विम्याचे १०,००० डॉलर येणार असतात. मुलाला दारूचं दुकान काढायचंय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आईला घर घ्यायचंय. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात ती एक रोप जगवते आणि घर सोडताना त्याच्यासाठी परत येते. रोप काळजाला भिडतं ते या ओढाताणीमुळे. आपल्याकडे ऊसबिलाचा हप्ता घ्या: सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न, पोराची पुण्यातली फी. झालं नाटक सुरू.

बापाला खलनायक करू नका, त्याचंही काही राहिलेलं असतं. प्रतीकाचा अर्थ पात्राच्या तोंडून सांगू नका. एका घरात पिंजरा, पणती आणि पतंग तिन्ही नकोत. स्पर्धेला पंधरा दिवस उरले म्हणून पहिलाच खर्डा तालमीला आणणाऱ्यांना मी परत पाठवतो.

आणि पूर. २०१९ नंतर कृष्णेचं पाणी संहितांमध्ये येतं आणि सगळ्यांची स्वप्नं वाहून नेतं. समोर बसलेल्यांनी स्वतःच्या भिजलेल्या गाद्या उन्हात घातल्यात, त्यांना पूर उपमा म्हणून दाखवू नका. दाखवायचाच तर भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवा, आणि तिच्यावर रंग मारायचा की नाही यावरून नवरा-बायकोचं भांडण.