लॅट्वियाची वही: छोट्या देशाचा टेनिस टीम इतिहास कसा मांडायचा

आमच्याकडे जळगावात एप्रिल लागला की सकाळी आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर पाय ठेवायची सोय राहत नाही, मग प्रॅक्टिस आटोपून पोरी लिंबाच्या सावलीत बसतात आणि आम्ही वही काढतो. प्रत्येकीने एक छोटा देश घ्यायचा आणि बिली जीन किंग कप या देशादेशांच्या महिला टेनिस टीम स्पर्धेतला त्याचा इतिहास लिहून काढायचा. खूप जण विचारतात हे नेमकं कसं करता, म्हणून सविस्तर लिहितोय, उदाहरण युरोपातल्या लॅट्वियाचं घेतो कारण माझा स्वतःचा जीव त्या टीमवर आहे.

देश निवडताना लोकसंख्या बघा आणि ती आपल्या ओळखीच्या जागेशी लावून बघा. लॅट्वियाची लोकसंख्या एकोणीस लाखाच्या आसपास, आणि आपला धुळे जिल्हा 2011 च्या जनगणनेत साडेवीस लाखाचा. म्हणजे शिरपूर, शिंदखेडा, साक्री, धुळे एवढ्यातून टीम उभी करायची आणि अमेरिकेशी खेळायला न्यायची, असं सांगितलं की पोरींचे डोळे मोठे होतात.

आता स्पर्धेचं नाव. जुनं काही शोधताना इथेच गाडी अडते. 1963 मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर 16 देशांत सुरू झाली तेव्हा फेडरेशन कप, 1995 पासून फेड कप, आणि 2020 पासून बिली जीन किंग कप. स्पर्धा एकच आहे, तिन्ही नावांनी शोधा. आणि ‘टाय’ हा शब्द वाचून बरोबरी झाली असं समजू नका, आमच्या एका पोरीने पानभर ‘बरोबरी, बरोबरी’ लिहून ठेवलं होतं. इथे टाय म्हणजे दोन देशांमधली अख्खी लढत आणि त्यातली एकेक मॅच म्हणजे रबर.

वहीचं पहिलं पान देशाच्या जन्माचं. लॅट्विया 1991 मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला आणि 1992 पासून या स्पर्धेत स्वतःच्या नावाने उतरला, त्यामुळे त्याआधीचे सोव्हिएत टीमचे निकाल लॅट्वियाच्या खात्यात मांडायचे नाहीत. पण खेळाडू मात्र दोन्हीकडे सापडतात. लारिसा सावचेन्को-नैलांड आधी सोव्हिएत टीमकडून खेळली आणि नंतर लॅट्वियाकडून, नताशा झ्वेरेवासोबत 1989 ला फ्रेंच ओपनची डबल्स आणि 1991 ला विम्बल्डनची डबल्स जिंकलेली बाई. अशा खेळाडूसाठी समासात वेगळ्या शाईने नोंद करा, छोट्या देशांच्या इतिहासात अशी माणसं हमखास असतात.

मग पायऱ्या. आपल्या शालेय स्पर्धांमध्ये तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असतं ना, तसंच इथे खंडांचे गट आहेत, ग्रुप थ्री, टू, वन, आणि त्याच्या वर जागतिक पातळी. चढउतार चालू असते. म्हणून नुसते जिंकल्या-हरल्याचे आकडे मोजू नका, प्रत्येक वर्षापुढे पायरी लिहा, कारण खालच्या गटात चार टाय जिंकण्यापेक्षा वरच्या पायरीवरची एक हार कितीतरी जास्त सांगून जाते. फॉरमॅटही लिहा. 1994 पर्यंत सगळे देश एका ठिकाणी जमायचे आणि एका टायमध्ये तीनच मॅच असायच्या, 1995 पासून वरच्या पातळीवर आपल्या घरी नाहीतर त्यांच्या घरी अशी पाच मॅचची लढत आली, आता फायनल्समध्ये परत दोन सिंगल्स आणि एक डबल्स. 2-1 आणि 3-2 एकाच तराजूत टाकायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता खरं काम. एक टाय निवडा आणि तिला पूर्ण पान द्या. लॅट्वियासाठी मी फेब्रुवारी 2020 ची एव्हरेटची टाय देतो, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झालेली. पाच ओळी आखायच्या. पहिल्या दिवशी सोफिया केनिनने अनास्तासिया सेवास्तोवाला हरवलं, सेरेना विल्यम्सने येलेना ओस्तापेन्कोला दोन टायब्रेकमध्ये (सेट 6-6 झाला की तो ठरवणारा जादा गेम) हरवलं, 2-0. दुसऱ्या दिवशी ओस्तापेन्कोने केनिनला हरवलं, आणि मग सेवास्तोवाने सेरेनाला 7-6, 3-6, 7-6 असं हरवलं, या स्पर्धेतला सेरेनाचा सिंगल्समधला पहिलाच पराभव, आणि हीच सेवास्तोवा 2018 च्या यूएस ओपन सेमीफायनलला तिच्याकडून 6-3, 6-0 ने हरली होती! 2-2. पाचवी डबल्स. आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीत लॅट्वियाच्या खेळाडूच्या नावाला गोल करा. सेवास्तोवा, ओस्तापेन्को, ओस्तापेन्को, सेवास्तोवा, आणि डबल्सला परत त्याच दोघी. अमेरिकेकडून डबल्सला केनिनच्या सोबतीला ताजीतवानी बेथनी मॅटेक-सँड्स उतरली. 6-4, 6-0, अमेरिका 3-2.

हे गोल काढून झाले तेव्हा आमची एक पोरगी म्हणाली, “सर, मंग तिसरी कोन शे?” मला तर वाटतं छोट्या देशाचा इतिहास वाचायचा तर हाच प्रश्न घेऊन वाचायचा. नंबर एक खेळाडू सगळ्यांना माहीत असते, ओस्तापेन्को 2017 ची फ्रेंच ओपन विजेती, पण देश कुठपर्यंत जाणार हे दुसरी आणि तिसरी ठरवते.

म्हणून पुढच्या पानावर वर्षांची आडवी रेघ मारा आणि तिच्याखाली प्रत्येक मुख्य खेळाडूची स्वतःची रेघ. सेवास्तोवाने दुखापतींमुळे 2013 ला खेळणं सोडलं आणि 2015 ला परत आली, तर तिथे रेघ तोडा आणि परत जोडा. ओस्तापेन्कोचा जन्म 1997 चा, म्हणजे सेवास्तोवा परतली तेव्हा ती जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या की टीम का वर चढली ते न सांगता दिसतं.

एक पान आपल्या देशाशी झालेल्या लढतीला ठेवाच. एप्रिल 2021 मध्ये भारत पहिल्यांदाच जागतिक प्लेऑफपर्यंत पोचला आणि समोर हाच लॅट्विया आला, युर्माला गावात, त्यांच्या घरी. 3-1 ने हरलो, पण अंकिता रैनाने ओस्तापेन्कोला तीन सेटपर्यंत खेचलं होतं, ती ओळ मी पोरींना ठळक करायला लावतो.

शक्य असेल तर एक तरी टाय डोळ्यांनी दाखवा. एप्रिल 2025 ला पुण्यात बाळेवाडीला आशिया-ओशनिया ग्रुप वन झाला तेव्हा आम्ही रात्रीच्या बसने गेलो, भाकरी-ठेचा बांधून. तिथे पोरींना बेंचकडे बघायला सांगितलं, कोण टॉवेल देतेय, कोण उभी राहून ओरडतेय, टीममधली आपली बार्शीची प्रार्थना ठोंबरे डबल्सची. टीव्हीवर बेंच दोन सेकंद दिसतो, वहीत मात्र त्याला जागा पाहिजे.

शेवटचं पान कोरं सोडा, वर फक्त देशाचं नाव आणि ‘तिसरी कोण?’ एवढं लिहा, पुढच्या वर्षीची टीम जाहीर झाली की भरायला. लॅट्विया झाला की स्लोव्हाकिया घ्या, 54 लाखांचा देश, 2002 ला स्पेनला हरवून कप घेऊन गेला आणि 2024 ला परत फायनलमध्ये होता. त्याला मोठी वही लागेल.