गोव्यात राहून स्पार्कलिंग (बुडबुड्यांच्या) वाइनचा स्वतःचा ब्रँड काढायचा असेल तर

गोव्यात वाइनची द्राक्षं पिकत नाहीत, आणि इथला पाऊस पाहता कुणी तसा हट्ट धरूही नये. माझं लेबल, म्हणजे माझा ब्रँड, गोव्याचा; द्राक्षं नाशिकजवळच्या दिंडोरीची. हे ऐकून बरेच जण नाक मुरडतात. पण वाइनमेकर व्हायचं तर आधी द्राक्षाच्या मागे जायचं, मग घराकडे वळायचं, हाच क्रम मला पटतो.

शिक्षणासाठी फार लांब जावं लागत नाही. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन तंत्रज्ञान शिकता येतं. पदवी हातात पडली की लगेच लेबलच्या मागे मात्र लागू नका. नाशिककडच्या एखाद्या वाइनरीत दोन-तीन हंगाम टाक्या धुवा, पाइप ओढा. स्पार्कलिंगची द्राक्षं लवकर तोडतात हे वर्गात कळतं: साध्या वाइनला २२-२३ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), इथे १८-१९ पुरे. पण शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षाचा मणी चावून ‘आज नको, परवा’ असं सांगणं बागेतच जमतं. उन्हाचा चटका वाढला की आंबटपणा झरझर उतरतो, आणि त्याच्याशिवाय स्पार्कलिंग म्हणजे नुसता गोडसर सोडा.

बाटलीतच बुडबुडे तयार करायची पारंपरिक पद्धत आपल्याकडे नवी नाही. नारायणगावला १९८० च्या दशकातच ती सुरू झाली. तयार वाइनमध्ये लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली क्राउन कॅपने (सोड्याच्या बाटलीसारख्या पत्र्याच्या झाकणाने) बंद करायची. आत पुन्हा किण्वन होतं, वायूला वाट नसते, दाब सहा अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत चढतो. गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट! म्हणून बाटली जाड काचेचीच हवी. जुन्या बाटल्या धुऊन वापरायचा विचारही नको. मग यीस्टच्या गाळावर बाटल्या महिनोन् महिने आडव्या. शॅम्पेनमध्ये बाटलीत किमान १५ महिने, त्यातले १२ गाळावर, असा नियम आहे. आपल्यावर तसं बंधन नाही, तरी मी घाई करत नाही. भाजलेल्या पावाचा वास त्या गाळातूनच येतो. शेवटी बाटली रोज थोडी फिरवत उलटी करायची, गाळ कॅपशी आणायचा, मान गोठवायची आणि कॅप उघडायची. बर्फाची गोळी फट्कन उडते, मागोमाग थोडी वाइनही. ती जागा भरून, चवीपुरती साखर घालून कॉर्क आणि तार. हे हाताला बसेपर्यंत बरीच वाइन भिंतीवर जाते, तो खर्च आधीच धरा.

खरी अडचण पैशांची. जानेवारीत द्राक्षं घेतली तर पहिली बाटली विकायला पुढच्या वर्षीचा डिसेंबर उजाडतो. तोवर काच, कॉर्क, भाडं आणि थंडी सगळं खिशातून. थंडी म्हणजे १२ ते १४ अंश, बारा महिने. गोव्याच्या मे महिन्यात तेवढी थंडी राखायची तर विजेचं बिल आणि जनरेटर दोन्ही छातीत धडकी भरवतात. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: सुरुवातीची वर्षं बाटल्या नाशिककडेच, दुसऱ्याच्या तळघरात भाड्याने ठेवा. गोव्यात आणायची ती तयार वाइन, रीफर (थंड डब्याच्या) ट्रकने आणि लागेल तेवढीच. मालकी हक्काच्या वाइनरीची हौस नंतर भागवता येते.

अबकारी खात्याची कामं स्वतः शिका. लेबलची नोंदणी, दुसऱ्या राज्यातून माल आणण्याचा परवाना, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला लागणारा लेबलवरचा मजकूर, हे सगळं एजंटवर सोडलं की ऐन डिसेंबरात माल अडकायची भीती. लेबलवर ‘शॅम्पेन’ लिहायचं नाही, ते नाव त्या प्रदेशाचं. कागद ओला टिकणारा घ्या. बर्फाच्या बादलीत लेबल सुटलं तर गिऱ्हाइकाला वाइनही स्वस्तातली वाटते.

विक्रीसाठी मोठ्या हॉटेलांच्या मागे मी फार धावलो नाही. लग्नाचा टोस्ट ही एक बाजारपेठ, पण तिथे लोक भाव आधी विचारतात. मला फळली ती मासळीची छोटी रेस्टॉरंटं. दुपारी गर्दी ओसरली की मालकासमोर थंड बाटली उघडायची आणि त्याच्याच स्वयंपाकघरातली रवा लावलेली सुंगटं (कोळंबी) मागवायची. तेलकटपणा कापणारा आंबटपणा त्याला तिथल्या तिथे कळतो, आणि बोलणं थेट किती पेट्या, उधारी किती दिवसांची, यावर येतं.