स्विस राष्ट्रीय उद्यान पायी पाहण्यासाठी: त्सेर्नेत्स गावी राहून करावयाची आखणी

स्वित्झर्लंडला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी ल्युसर्न, इंटरलाकेन आणि टिटलिस पाहून परततात. देशाच्या पूर्व टोकाला, ग्राउबुंडेन प्रांतात इटलीच्या सीमेलगत, त्या देशातील एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे, याची त्यांना सहसा कल्पना नसते. १ ऑगस्ट १९१४ रोजी स्थापन झालेले हे उद्यान आल्प्स पर्वतातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस किलोमीटर आहे. ताडोब्याच्या सफारीची सवय असलेल्या माणसाने येथे येण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: येथे जिप्सी नाही, फाटक नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. जे पाहायचे ते स्वतःच्या पायांनी चालत, आखून दिलेल्या वाटेवरूनच पाहावे लागते.

त्यामुळे पहिला निर्णय हंगामाचा करावा. हिवाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी पूर्ण बंद असते आणि साधारणपणे जून ते ऑक्टोबर एवढाच काळ हाती राहतो. जूनमध्ये उंचावरच्या वाटांवर बर्फ शिल्लक असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये रानफुले भरात असतात, पण दुपारनंतर गडगडाटी पावसाची शक्यता असल्याने सकाळी लवकर निघणे श्रेयस्कर असते. माझ्या मते सर्वोत्तम काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. या दिवसांत लाल हरणांचा माजाचा काळ असतो, नरांचे डुरकणे दरीभर घुमते आणि लार्च वृक्ष पिवळे पडू लागतात.

मुक्कामासाठी त्सेर्नेत्स निवडावे. इन नदीच्या काठी, सुमारे १,४७० मीटर उंचीवर वसलेल्या या गावातच उद्यानाचे अभ्यागत केंद्र आहे. झुरिकहून लांडक्वार्ट येथे गाडी बदलून, १९ किलोमीटर लांबीच्या व्हेराइना बोगद्यातून रेशियन रेल्वेने (या प्रांतातील अरुंद रुळांची रेल्वे) येथे सुमारे अडीच तासांत पोहोचता येते. सेंट मोरित्झला जाणाऱ्यांना तर हे गाव तासाभराच्या आतच आहे. स्विस ट्रॅव्हल पास या रेल्वेवर आणि पिवळ्या पोस्ट बसवर चालतो, म्हणून भाड्याच्या मोटारीची गरज नाही. निवासस्थानी पाहुण्यांना गेस्ट कार्ड मिळते का आणि त्यावर कोणत्या सवलती आहेत, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

पहिला अर्धा दिवस अभ्यागत केंद्रासाठी राखून ठेवावा. वास्तुविशारद वालेरियो ओल्जाती यांनी रचलेली ही पांढऱ्या काँक्रीटची इमारत २००८ मध्ये खुली झाली. प्रदर्शनाला तिकीट आहे. मात्र खरा उपयोग तेथील कर्मचाऱ्यांचा होतो, कारण कोणती वाट खुली आहे, कोठे बर्फ आहे आणि प्राणी सध्या कोणत्या उतारावर दिसतात, हे ते नकाशावर दाखवून सांगतात.

वाटांची एकूण लांबी सुमारे १०० किलोमीटर आहे. त्यांतील पहिल्या भेटीसाठी दोन पुरेशा आहेत. ओफेन खिंडीकडे जाणाऱ्या पोस्ट बसने इल फुओर्नला उतरावे. तेथून वाल दाल बोच या दरीने मार्गुनेटच्या खिंडीवर (२,३२८ मीटर) चढून, शेजारच्या दरीने पुन्हा रस्त्यावर उतरणारी वाट तीन ते चार तासांची आहे. दाढीवाल्या गिधाडांना आल्प्समध्ये पुन्हा वसवण्यासाठी १९९१ पासून याच परिसरात पिल्ले सोडण्यात आली होती. म्हणून खिंडीवर बसल्यावर दुर्बीण आकाशाकडेही वळवावी. दुसरी वाट वाल त्रुपचुनची. तिच्यासाठी रेल्वेने श्चान्फला जावे आणि जाऊन-येऊन पाच ते सहा तास हाताशी ठेवावेत. चढ सौम्य असल्यामुळे ज्येष्ठांनाही ती झेपू शकते, आणि हरणे, तसेच शॅमॉय व आयबेक्स हे रानबकऱ्यांसारखे डोंगरी प्राणी दिसण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते. माकुनच्या सरोवरांची वाट सुंदर असली तरी ती दिवसभराची आणि दमछाक करणारी आहे. सह्याद्रीत नियमित भटकंती करणाऱ्यांनीच तिचा विचार करावा.

फलकांवर अंतर किलोमीटरऐवजी वेळेत दिलेले असते आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. छायाचित्रे काढत चालणाऱ्याने त्या वेळेत निदान एक तृतीयांश भर घालावी, नाहीतर परतीची बस हमखास चुकते. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण डोंगरवाटेची असते. अशा वाटेवर घोटा सांभाळणारे, पकड असलेले बूटच हवेत.

नियम कडक आहेत आणि मोडल्यास दंड होतो. वाट सोडायची नाही, फूल किंवा फळ तोडायचे नाही, दगडही उचलायचा नाही. तंबू, शेकोटी, सायकल, ड्रोन यांना मनाई असून कुत्रा साखळीला बांधूनही आणता येत नाही. जेवण आखून दिलेल्या विश्रांतीस्थळी करावे आणि कचरा परत न्यावा. एकेकाळी या जंगलांची लाकडासाठी बेसुमार तोड झाली होती. ते सावरावे म्हणून माणसाने शंभरहून अधिक वर्षे येथे हस्तक्षेप थांबवला आहे. उन्मळून पडलेले झाडसुद्धा तेथेच कुजू दिले जाते. ‘जंगल अस्ताव्यस्त दिसते’ अशी तक्रार काही पर्यटक करतात, पण या उद्यानाचा हेतूच तो आहे.

उद्यानात रात्र काढायची असेल तर क्लुओत्सा दरीतील लाकडी विश्रामगृहाचे आरक्षण बरेच आधी करावे. त्सेर्नेत्सहून तेथे पोहोचायला सुमारे तीन तासांची चढ-उतार लागते. उद्यानासाठी सर्वप्रथम भाडेपट्ट्याने घेतलेली जमीन याच दरीतली होती.

शाकाहारी प्रवाशांनी दुपारच्या जेवणाची सोय आदल्या संध्याकाळीच करावी, कारण वाटेवर सहसा काही मिळत नाही आणि रविवारी गावातली दुकानेही बहुधा बंद असतात. घरून चटणी, सुका खाऊ, लाडू न्यायला हरकत नाही. मात्र दूध आणि मांस यांपासून बनवलेले पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास बंदी आहे. तेव्हा पेढे आणि तूप वगळावे, आणि लाडू करायचे तर तेही तुपाविना. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच. तो घेताना डोंगरातील हेलिकॉप्टर बचावाचा खर्च त्यात आहे का, हे तपासावे. हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४ आहे, परंतु दऱ्यांमध्ये मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नसल्याने कोणत्या वाटेने जाणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे.

पावसाचा दिवस वाया जाऊ देऊ नये. ओफेन खिंड ओलांडणारी तीच पोस्ट बस पुढे म्युस्टाइरला जाते. तेथील संत योहान मठाच्या भिंतींवर कॅरोलिंजियन काळातील (सम्राट शार्लमेन व त्याच्या वंशजांच्या काळातील) चित्रे आहेत आणि १९८३ पासून हा मठ युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र उतरल्याबरोबर थांब्यावरच पाहून ठेवावी.