स्वमग्न मुलांच्या अध्ययन-संशोधनासाठी उद्दीपक निवडताना या चुका टाळा

‘द्राक्षे’ हा शब्द ऐकल्यावर एका सहा वर्षांच्या मुलाने तीन कार्डांतून द्राक्षांचे कार्ड सलग अनेक वेळा अचूक उचलले आणि हा शब्द त्याला आला, अशी नोंद आम्ही समाधानाने केली. पुढच्या आठवड्यात मखमलाबादच्या मळ्यातून आणलेला खरा घड समोर ठेवून तोच शब्द उच्चारला, तेव्हा त्याने शेजारची वाटी उचलून दिली. नंतर कार्डे पुन्हा तपासली, तर द्राक्षांचे कार्ड दुसऱ्या संचातले होते आणि त्याची पार्श्वभूमी फिकट निळी होती, उरलेल्या दोघांची पांढरी. आम्ही जे शिकवले तेच तो शिकला होता, आणि आम्ही त्याला निळा रंग शिकवला होता. नाशिकमध्ये विशेष शिक्षणाचे विद्यार्थी लघुप्रबंधासाठी उद्दीपक, म्हणजे मुलाने ज्यांना प्रतिसाद द्यायचा ती चित्रे, शब्द किंवा वस्तू, असे साहित्य घेऊन येतात, तेव्हा मी हा प्रसंग त्यांना आधी सांगते, कारण मूल शिकत नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मुलाने नेमके काय पाहिले हे विचारण्याची सवय लागावी, अशी माझी मनापासून इच्छा असते.

ही गोष्ट नवीन नाही. मानसशास्त्रज्ञ ईवार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना प्रकाश, आवाज आणि स्पर्श एकत्र देऊन प्रतिसाद शिकवला होता. पुढे हे घटक वेगवेगळे दिल्यावर स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले प्रामुख्याने एकाच घटकाला प्रतिसाद देत असल्याचे दिसले. दुर्लक्षित राहिलेला घटक स्वतंत्रपणे शिकवल्यावर मात्र त्यालाही प्रतिसाद मिळू शकला, म्हणजे तो ऐकू येत नव्हता किंवा दिसत नव्हता असे नव्हे. अशी निवडक लक्ष देण्याची प्रवृत्ती केवळ स्वमग्नतेतच आढळते असे नाही, हेही नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. त्यामुळे एका संचातील सर्व कार्डांचा आकार, पार्श्वभूमी, लॅमिनेशन आणि चित्राचा प्रकार सारखा ठेवावा. एक छायाचित्र, दुसरे रेखाचित्र अशी सरमिसळ करू नये. त्याच वेळी प्रत्येक वस्तूची किमान तीन-चार वेगळी चित्रे घ्यावीत. हिरवी आणि काळी द्राक्षे, घड आणि सुटे मणी अशी विविधता असली, तरच ‘द्राक्षे’ हा शब्द एका कार्डाला चिकटून राहत नाही.

शब्दांच्या निवडीत होणारी चूक अधिक सूक्ष्म असते, आणि इथे मराठीच्या ध्वनींचा विचार आपल्यालाच करावा लागतो, कारण परदेशी संचांच्या भाषांतरातून तो होत नाही. ‘वाटी’, ‘पाटी’ आणि ‘काठी’ हे तीन शब्द एकाच संचात सुरुवातीलाच ठेवले, तर मुलाला वस्तू ओळखता येत नाही की ध्वनीतला फरक पकडता येत नाही, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. याउलट ‘बस’, ‘चमचा’ आणि ‘हेलिकॉप्टर’ घेतले, तर शब्दाच्या लांबीवरूनच उत्तर देता येते. दोन अध्यापन-पद्धतींची तुलना करायची असेल, तर दोन्ही संचांतील शब्दांची अक्षरसंख्या, आद्यध्वनी, चित्रांतील साम्य आणि घरातला परिचय जुळलेला असलाच पाहिजे. नाहीतर सोपा संच ज्या पद्धतीच्या वाट्याला येतो, ती पद्धत श्रेष्ठ ठरते. घरची भाषाही विचारून घ्यावी. बागलाण किंवा मालेगावकडून आलेल्या कुटुंबात अहिराणी बोलली जात असेल, तर ‘डोळा’ हा शब्द मुलाने ‘डोया’ असा ऐकलेला असतो, आणि आपण त्याची नोंद ‘शब्द अपरिचित’ अशी करून मोकळे होतो.

परिचयाबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. बाजारातल्या तयार तक्त्यांवरील इग्लू नाशिकच्या मुलाने कुठे पाहिलेला असणार? पण रोजच्या वापरातली वस्तू घेतली, तर ती त्याला आधीच माहीत असण्याची शक्यता असते. म्हणून अध्यापनापूर्वी, बरोबर-चूक काहीही न सांगता, प्रत्येक उद्दीपकाची पूर्वचाचणी घ्यावी. मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांच्या १९७१ च्या अभ्यासातील मुलाला ऐकलेल्या शब्दाचे चित्र ओळखता येत होते, पण वाचता येत नव्हते. ऐकलेला शब्द आणि छापील शब्द यांची जोडणी २० शब्दांसाठी शिकवल्यावर छापील शब्द आणि चित्र यांची न शिकवलेली जोडणीही त्याला जमली. आधी काय येत होते हे तपासलेले नसते, तर या निष्कर्षाला काहीच अर्थ उरला नसता. पूर्णपणे अपरिचित आकृत्या हव्या असतील, तर देवनागरी अक्षरांसारखे किंवा अंकांसारखे दिसणारे आकार मात्र टाळावेत.

नाशिकरोडला रेल्वे पाहायला रोज जाणाऱ्या मुलासमोर तीन पर्यायांत आगगाडीचे चित्र ठेवले, तर शब्द कोणताही असो, हात तिकडेच जाईल. असे चित्र संचातून काढावे. त्याचप्रमाणे बक्षीस म्हणून चिवडा देणार असाल, तर चिवड्याचे चित्र उद्दीपक म्हणून वापरू नये. बक्षिसाची निवडही पालकांच्या सांगण्यावर न सोडता, दोन-दोन वस्तू समोर ठेवून मुलालाच करू द्यावी.

प्रगती थांबली असेल, तर आकडे बरेच काही सांगतात. तीन पर्यायांत मूल सुमारे ३३ टक्क्यांवर अडकले, तर ते अंदाज करत असेल, नेहमी डावीकडचे कार्ड उचलत असेल किंवा शब्द कोणताही असो, प्रत्येक वेळी एकच कार्ड निवडत असेल. या तिन्हींची टक्केवारी सारखीच येते. ६७ टक्क्यांच्या आसपास अडकले, तर बहुधा एक शब्द पक्का आहे आणि उरलेल्या दोघांत गोंधळ आहे, म्हणजे त्या दोन उद्दीपकांतले साम्य तपासावे. हा भेद कळण्यासाठी नोंदवहीत फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ न लिहिता, उचललेले कार्ड आणि त्याची जागा दोन्ही लिहावीत. दोनच पर्याय ठेवू नयेत, कारण तेथे निव्वळ योगायोगानेही ५० टक्के मिळतात. योग्य उत्तर प्रत्येक जागी सारख्याच वेळा यावे, पण एकाच जागी सलग दोनपेक्षा जास्त वेळा येऊ नये.

कधीकधी उद्दीपक कार्डावर नसून आपल्या चेहऱ्यावर असतो. बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ हा घोडा गणिते सोडवत नव्हता, तर प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत झालेल्या हालचाली ओळखत होता, हे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. आपली नजर योग्य कार्डावर रेंगाळत नाही ना, हे चित्रफितीत पाहावे, आणि शक्य असेल तर काही चाचण्या उत्तर माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून घ्याव्यात.

वेल्क्रो ओढल्याच्या आवाजाने कान झाकणारे किंवा चकाकत्या कार्डापासून तोंड फिरवणारे मूल आपल्याला नकार कळवत असते. तेथे साहित्य बदलावे, मुलाला रेटू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाच्या स्वतःच्या होकाराचा विचार केलेला आहे, पण सहा वर्षांच्या मुलाचा नकारही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

आता कोणताही संच वापरण्यापूर्वी आम्ही प्रत्येक कार्डाचे चित्र कागदाच्या तुकड्याने झाकतो आणि ते कार्ड ओळखता येते का, असे सहकाऱ्याला विचारतो. कडा, रंग, डाग किंवा चकाकी यांवरून त्याला ओळखता आले, तर मुलालाही येईल, आणि ते कार्ड पुन्हा छापले जाते. त्या निळ्या पार्श्वभूमीच्या कार्डाच्या जागी आम्ही द्राक्षांची चार छायाचित्रे पांढऱ्या कागदावर छापून घेतली आणि त्या मुलाची पूर्वचाचणी नव्याने सुरू केली.