पॉलिमर क्लेचा ग्रुप दर महिन्याला कसा चालवायचा: आधी ओव्हनचं बघा

गिल्ड म्हणा, क्लब म्हणा, नुसता ग्रुप म्हणा, सुरू करणं काही अवघड नाही. पॉलिमर क्ले म्हणजे ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी मातीसारखी मऊ रंगीत वस्तू, पाचसहा जणांना तिचं वेड असलं की पहिली भेट आपोआप होते. अवघड असतं ते सातव्या आठव्या महिन्यातही लोकांनी येत राहणं. आणि लोक गळतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, भेटीत गप्पा होतात, डेमो होतो, खूप काही शिकवलं जातं आणि घरी जाताना हातात असतो कच्च्या क्लेचा अर्धवट तुकडा, तो पिशवीत चेपतो, घरी गेल्यावर कुठल्यातरी डब्यात पडतो आणि पुढच्या महिन्यात "मागचंच झालं नाही तर आता कशाला जाऊ" असं होऊन माणूस यायचाच बंद होतो. म्हणून माझं अगदी ठाम मत आहे की त्या दिवशी केलेली एक तरी वस्तू, छोटी का होईना, त्याच दिवशी भाजून थंड होऊन माणसाच्या हातात पडली पाहिजे. बाकी सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करा.

म्हणजे वेळापत्रक ओव्हनपासून उलटं मोजायचं. समजा भेट १० ते २ आहे. २ ला सगळे निघणार, तर १:३० ला ट्रे बाहेर यायला हवा म्हणजे वस्तू थंड व्हायला आणि कौतुक करायला अर्धा तास मिळतो. भाजायला कमीत कमी ३० मिनिटं, म्हणजे १ वाजता ट्रे आत. माणसं जास्त असतील आणि ओव्हन छोटा असेल तर दोन घाण्या काढाव्या लागतात, मग पहिला ट्रे १२:१५ च्या आसपास आत गेला पाहिजे. ओव्हन तापायला २० मिनिटं धरा, आणि दार उघडलं की तापमान उतरतं तेही धरा. आता वरून बघा, यायला आणि क्ले मळायला अर्धा तास, डेमोला अर्धा तास, मग करायला राहिले सव्वा ते दोन तास, मधला दीड धरा. प्रोजेक्ट निवडताना "सुंदर आहे का" याच्या आधी "दीड तासात होतं का" हे विचारा. नवशिक्याला होतं का हे विचारा, तुम्हाला होतं का हे नाही!

ओव्हनबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, तो वाळत नाही, तो उष्णतेने पक्का होतो, आणि प्रत्येक ब्रँडचं तापमान वेगळं. फिमोला ११० अंश सेल्सिअस, स्कल्पी प्रीमोला साधारण १३०, केटोला १५०. एकाच ट्रेमध्ये तिघं घातले तर कुणाचा तरी बळी जाणार, एकतर केटो कच्चा राहणार नाहीतर फिमोचा पांढरा रंग तपकिरी होणार. म्हणून महिन्याच्या प्रोजेक्टला एकच ब्रँड ठरवा आणि आधी कळवा, नाही जमलं तर ट्रे वेगळे करा. ओव्हनच्या डायलवर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचं वेगळं थर्मामीटर मिळतं ते ग्रुपच्या पैशातून पहिल्यांदा घ्या, पास्ता मशीनच्याही (क्ले लाटून पातळ पट्टी करायचं यंत्र) आधी. छोट्या ओव्हनमध्ये कॉइल वस्तूच्या फार जवळ असते त्यामुळे सिरॅमिक टाइलवर वस्तू ठेवायच्या आणि वरून फॉइलचा तंबू करायचा, म्हणजे वरचा भाग करपत नाही. पाकिटावर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं वगैरे लिहिलेलं असतं ते कमीत कमी समजा. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळ ठेवल्याने नुकसान होत नाही, पाऊण तास एक तास ठेवलं तर वस्तू उलट जास्त मजबूत होते. कमी भाजलेली वस्तू दिसायला छान दिसते आणि दोन आठवड्यांनी कानातलं घालताना टचकन तुटते, आणि नाव खराब होतं क्लेचं. नीट भाजलेली पातळ पट्टी वाकवली की वाकते, मोडत नाही. दर वेळी ट्रेमध्ये एक फालतू पातळ पट्टी टाका आणि शेवटी ती वाकवून बघा, सगळ्यांना कळतं.

आणि सुरक्षिततेचं पण सांगून ठेवते. क्ले जळला तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, डोळे घसा चुरचुरतो, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि एका माणसाची ड्यूटी फक्त ओव्हनची, गप्पांच्या नादात कुणीतरी बघेल असं नको. धूर किंवा उग्र वास आला तर ओव्हन बंद, सगळे बाहेर. मायक्रोवेव्ह मोडवर क्ले कधीच भाजायचा नाही. आणि क्लेसाठी जे वापरलं, मग ती सुरी असो पास्ता मशीन असो की लाटणं, ते परत खायच्या गोष्टींना लावायचं नाही, त्यावर मार्करने मोठं "क्ले" लिहून टाका म्हणजे प्रश्नच मिटला. ओव्हनही शक्यतो वेगळाच ठेवा.

टेबलाचं म्हणाल तर प्रत्येकासमोर एक गुळगुळीत टाइल किंवा काच हवी. कच्चा क्ले थेट पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवला तर प्लास्टिसायझर पॉलिश खातो आणि डाग कायमचा. तसंच काही कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना तो चिकटून बसतो, ते डबे पॉलिस्टायरीनचे असतात, डब्याच्या खाली त्रिकोणात ६ आकडा असेल तर नको, ५ असेल तर बिनधास्त. लोकरीचे आणि तंतू सुटणारे कपडे घालून येऊ नका हे आधीच सांगा, पांढऱ्या क्लेमध्ये गेलेला केस किंवा धागा काढता काढता जीव जातो. रंगांचा क्रम फिकटपासून गडदकडे, आधी पांढरा, लाल आणि काळा सगळ्यात शेवटी, मध्ये हात ओल्या वाइप्सने पुसायचे. पास्ता मशीन चार जणांत एक पुरतं, त्यापेक्षा कमी असेल तर रांग लागते आणि दीड तासातला अर्धा तास रांगेतच जातो. मशीन पण रंग बदलताना पुसायचं, आणि पुसायचं काम ज्याने गडद रंग घातला त्याचं.

क्ले मळून घेणं हे लोक टाळतात. पाकिटातून काढला आणि लगेच आकार द्यायला घेतला तर कडा फाटतात आणि भाजल्यावर वस्तू ठिसूळ होते. म्हणून आल्या आल्या पहिला अर्धा तास सगळे फक्त क्ले मळतात, आणि गप्पांची वेळ पण तीच. उशिरा येणारे येतात, नवीन माणसाची ओळख होते, कुणी काय केलं ते दाखवतं. फार मऊ चिकट क्ले आला असेल तर दोन साध्या कागदांमध्ये दाबून थोडा वेळ ठेवा, जास्तीचा प्लास्टिसायझर कागद ओढून घेतो.

डेमो अर्ध्या तासाच्या वर नको. जो दाखवणार आहे त्याने प्रत्येक टप्प्याचा एक एक नमुना आधीच करून आणायचा, म्हणजे पहिला टप्पा दाखवला की "आणि हे दहा मिनिटांनी असं होतं" म्हणून पुढचा नमुना हातात द्यायचा. आणि नमुने टेबलावर फिरू द्या, हात लावू द्या. डेमो दर महिन्याला वेगळ्या माणसाने द्यायचा, एकच हुशार व्यक्ती वर्षभर शिकवत राहिली तर ती थकते आणि बाकीचे नुसते विद्यार्थी होऊन बसतात. ज्याला फक्त मणी गोल वळता येतात त्यानेही मणी गोल कसे वळतात हे दाखवावं, खरंच सांगते, गोल मणी वळणं ही शिकण्यासारखीच गोष्ट आहे.

आता प्रोजेक्ट. पहिला महिना नताशा मणी. उरलेले रंगीत तुकडे एकत्र करून लोळी वळायची, किंचित पिळायची, चौकोनी कांडी करायची, उभी मधोमध कापायची आणि दोन्ही अर्धे पुस्तकासारखे उघडून शेजारी जोडायचे, आतली नक्षी आरशातल्यासारखी समोरासमोर येते. नवीन माणूस पहिल्याच दिवशी हे बघून खुळावतो आणि काही बिघडायचा संभवच नाही.

दुसरा महिना स्किनर ब्लेंड, म्हणजे एक रंग हळूहळू दुसऱ्यात मिसळत गेलेली पट्टी, कारण पुढचं अर्धं काम त्यावर चालतं. ज्युडिथ स्किनर यांची ही पद्धत. दोन रंगांचे दोन काटकोन त्रिकोण तिरक्या बाजूने जोडून आयत करायचा, खालची कड वरच्या कडेवर घडी घालायची आणि घडीची बाजू आधी मशीनमध्ये सोडायची, असं वीस पंचवीस वेळा. घडी दर वेळी त्याच दिशेने, हे इतकं वेळा सांगा की कंटाळा येईल, कारण एकदा जरी आडवी घडी पडली तर ब्लेंड गेला. त्रिकोण जोडताना टोकं थोडी सरकवून ठेवली तर दोन्ही कडांना शुद्ध रंगाची पट्टी राहते. पिवळा फार दुबळा रंग आहे, निळ्याबरोबर घेतला तर पिवळ्याचा हिस्सा बराच मोठा ठेवा नाहीतर सगळंच हिरवं दिसतं. ब्लेंड झाला की त्यातून साधं पान नाहीतर थेंबाच्या आकाराचं पेंडंट कापून भाजायचं, वस्तू हातात.

मग मोकुमे गाने (रंगांचे थर रचून, दाबून वरून पातळ काप काढत नक्षी आणायची पद्धत), टेक्स्चर आणि मायका पावडर (चमकदार भुकटी), नकली दगड, पेन किंवा काचेच्या बाटलीवर क्ले चढवणं, हे एकेक महिन्याचे विषय सहज होतात. एक महिना पूर्ण घासण्याचा ठेवा. ४०० च्या पॉलिश पेपरपासून ६००, ८००, १००० पर्यंत, सगळं पाण्यात, म्हणजे धूळ उडत नाही, आणि शेवटी जीन्सच्या कापडावर घासायचं. एकट्याने करायला कंटाळवाणं काम आहे, गप्पा मारत दहा जणांत होऊन जातं, आणि वार्निश न लावता आलेली ती चमक बघून लोक घासायला लागतात. वार्निश लावायचंच असेल तर पाण्यातलं, नेलपॉलिश नको, ते काही महिन्यांनी चिकट होतं.

सगळ्यांनी मिळून करायचा मोठा केन हे वर्षातलं सगळ्यात मोठं काम. केन म्हणजे अशी कांडी की कुठेही कापली तरी आत तेच चित्र. एकाने पाकळी करायची, दुसऱ्याने पान, तिसऱ्याने पार्श्वभूमी, आणि सगळं जोडून एक ठोकळा. इथे ब्रँड एकच हवा आणि मऊपणाही सारखा हवा, नाहीतर दाबताना मऊ भाग बाहेर पळतो, कडक भाग जागेवर राहतो, आणि फुलाचं तोंड वाकडं होतं. रंगांत फरक जरा जास्तच ठेवा, मोठ्या ठोकळ्यात वेगळे वाटणारे दोन निळे लहान झाल्यावर एकच दिसतात. ठोकळा बारीक करताना आधी मधून दाबायचं, मग टोकांकडे जायचं, बाजू फिरवत फिरवत. १० सेंटिमीटर बाजूचा, ५ सेंटिमीटर उंचीचा चौकोनी ठोकळा बाजू निम्मी होईपर्यंत दाबला की उंची होते २० सेंटिमीटर. म्हणजे दहा जणांना प्रत्येकी २ सेंटिमीटरचा तुकडा, हे कागदावर आधी मांडा म्हणजे वाटणीत कुणी खट्टू होत नाही. टोकाचा भाग नेहमी वेडावाकडा येतो, तो वाटणीत धरू नका. म्हणजे प्रत्यक्षात तुकडे पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. केन लगेच कापला तर काप चेपतात, गार होऊ द्यावा लागतो, शक्यतो रात्रभर. मग त्या दिवशी भाजायचं काय? तर टोकांचे वेडेवाकडे तुकडे, त्यांचेच मणी करून भाजा, फार गोड दिसतात.

अदलाबदलीचा महिना वर्षातून एकदा पुरे. नियम दोन महिने आधी सांगा: एक इंच बाय एक इंचाचे चौकोन, भाग घेणारे जितके तितके आणि वर एक ग्रुपच्या पेटीसाठी, भाजूनच आणायचे, मागे नाव आणि ब्रँड लिहायचा. ती पेटी जपून ठेवा, दोन तीन वर्षांनी नवीन माणसाला ग्रुप काय करतो हे सांगायला तीच पुरते. ज्यांचं झालं नाही त्यांनी न चुकता यायचं, नुसतं बघायला, आणि त्यांना टोमणा मारायचा नाही.

एक महिना दुसऱ्यासाठी करायचाही ठेवा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये कॅन्सरमधून बाहेर आलेल्या एका बाईने औषधाच्या रिकाम्या काचेच्या कुप्यांवर क्ले चढवून इतर पेशंटना द्यायला सुरुवात केली, तिथल्या गिल्डने ते उचललं आणि "बॉटल्स ऑफ होप" नावाने ते पुष्कळ गिल्डांत पसरलं. आपण करायचं तर कुप्या स्वच्छ धुतलेल्या घ्या, बूच काढून भाजा, कुपी ओव्हनबरोबरच हळू थंड होऊ द्या म्हणजे काचेला तडा जात नाही, आणि देण्याआधी त्या हॉस्पिटलला चालतं का ते विचारून घ्या.

विकत घेतलेलं ट्युटोरियल झेरॉक्स काढून ग्रुपमध्ये वाटायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. कुणाची पद्धत दाखवत असाल तर नाव सांगा, आणि करायचंच असेल तर प्रत्येकाने आपापलं घ्या. तसंच कुणी मागितल्याशिवाय त्याच्या कामावर सल्ला नको. "हे असं का केलं" यापेक्षा "हे कसं केलं" विचारलं की माणूस खुलतो.

पैशाचं थोडक्यात, दर महिन्याची ठराविक वर्गणी, त्यातून सगळ्यांचं सामान, आणि हिशोबाची वही टेबलावर उघडी. क्ले आपापला. ब्लेड कागदात गुंडाळून मोजून परत पेटीत, लहान मुलं येणार असतील तर ब्लेड मोठ्यांच्याच हातात. निघायच्या आधी उरलेला क्ले रंगाप्रमाणे वेगळा करून जमेल तेवढा भंगार पेटीत टाका, तोच पुढच्या नताशा मण्यांना आणि वस्तूंच्या आतल्या गाभ्याला लागतो. आणि पुढच्या महिन्याचा ब्रँड, रंग, डेमो कोण देणार आणि ओव्हनची ड्यूटी कुणाची, हे चार मुद्दे सगळे खोलीत असतानाच ठरवून ग्रुपवर टाका, घरी जाऊन टाकू म्हटलं की राहून जातं.