फौजेतून आल्यावर सरकारी नोकरी शोधताय? माजी सैनिकांचा कोटा असा वापरा

"पेन्शन आलोय, ऐरोलीत घरी बसून कंटाळलो, आता काय करू" असं विचारणारा महिन्याला एखादा तरी भेटतोच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी सैनिक बोर्डात नाव नोंदवा. इथेच नवी मुंबईवाले गंडतात. दिघा ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, त्यांनी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, त्यांना अलिबाग. आमच्या युनिटचा एक जण कामोठ्याहून दोनदा ठाण्याला हेलपाटे घालून आला, तिसऱ्यांदा निघाला तेव्हा बायकोनेच त्याला आधार कार्डावरचा जिल्हा वाचून दाखवला. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटल्याचं पुस्तक) आणि पीपीओच्या (पेन्शनचा आदेश) झेरॉक्स चार-पाच जास्तच काढा.

माजी सैनिकांना केंद्रात गट क ला 10 टक्के, गट ड ला 20 टक्के जागा राखीव, सरकारी बँका आणि कंपन्यांत 14.5 आणि 24.5, आपल्या राज्यात क आणि ड ला 15 टक्के. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे निवड झाली की तुम्ही तुमच्या जातीच्या प्रवर्गातच मोजले जाता, त्यामुळे जातीचा दाखला, ओबीसी असाल तर नॉन क्रिमिलेअर पण लागतं, आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो बरं का. पेन्शन लागायच्या आधीच स्वतःहून घरी आलात तर मात्र माजी सैनिक धरत नाहीत.

वयाला घाबरू नका. केंद्राच्या गट क ला खऱ्या वयातून फौजेतली वर्षं वजा करायची, उरलेलं वय मर्यादेपेक्षा 3 वर्षांहून जास्त नको. समजा तुम्ही 41 चे, सर्व्हिस 17, उरले 24, मर्यादा 27 असली तरी आरामात बसता. दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस असेल तर पदवी मागणाऱ्या गट क च्या, टेक्निकल अनुभव न लागणाऱ्या जागांना पण चालतं. आणि रिटायरमेंटला वर्ष उरलं की एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन नोकरीत असतानाच फॉर्म भरता येतो, बहुतेक जण हे वर्ष फुकट घालवतात.

आता माझा घोळ. मी चार ठिकाणी फॉर्म भरलेले, पहिलं बोलावणं आलं तसा धावत जाऊन जॉईन झालो, घराजवळ होतं ना. पुढे त्याहून चांगल्या जागेचा निकाल लागला, तर डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला विचारतात, तुम्ही तर आधीच सिव्हिलमध्ये लागलात, मग कोटा कसला? केंद्राचा 14 ऑगस्ट 2014 चा आदेश असा आहे की पक्क्या नोकरीत जॉईन होताच आधी कुठे कुठे अर्ज केलेत ते तारखेसकट लिहून ऑफिसला दिलं, तर त्या अर्जांपुरता कोटा शाबूत राहतो. मला कुणी सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही. नंतरच्या नव्या अर्जांना वरच्या पदासाठी वयाची सूट राहते, कोटा नाही.

एका साध्या कागदावर पदाचं नाव, जाहिरात क्रमांक, अर्जाची तारीख लिहा, जॉईनिंगच्याच दिवशी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या आणि ती प्रत डिस्चार्ज बुकच्याच फाईलीत ठेवा.